ऑस्कर माशाने गांडूळ थुंकून टाकले: खाद्यासाठी घरी कोणती जात वाढवावी?

बाल्कनी_डोंबिवली
नमस्कार. माझ्याकडे चार फुटी टाकीत एक ऑस्कर आणि दुसऱ्या लहान टाकीत एंजल मासे आहेत. गोळीखाद्याच्या जोडीला आजवर ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल जंतांचे खाद्य, आणत होतो. परंतु ते बहुधा सांडपाण्याच्या गाळातून गोळा केलेले असते आणि त्याबरोबर रोगजंतूही टाकीत येऊ शकतात, म्हणून आता घरीच गांडुळे वाढवण्याचा विचार आहे. गांडूळखत करणाऱ्या एका परिचितांनी पिवळसर पट्ट्यांची लाल गांडुळे मूठभर दिली. ऑस्करने एक तोंडात घेतले आणि तत्काळ थुंकले. दुसऱ्याकडे तर त्याने ढुंकूनही पाहिले नाही. असे का व्हावे? शिवाय बाल्कनी पश्चिमेकडे असल्याने उन्हाळ्यात ती तगतील का, हाही प्रश्न आहे. घरच्यांची अट एकच: वास येता कामा नये.

गांडूळखत_सासवड
आपल्या वर्णनावरून ती आयसेनिया फेटिडा जातीची असावीत. या गांडुळाला डिवचले किंवा कापले की ते शरीरातील पिवळा, उग्र वासाचा द्रव बाहेर सोडते, आणि त्यातील लायसेनिन हे प्रथिन पृष्ठवंशीय प्राण्यांच्या पेशींना इजा करू शकते. त्यामुळे अनेक मासे ते नाकारतात. खतासाठी ही जात उत्तम आहे, खाद्यासाठी मात्र मी ती सुचवणार नाही.

आपल्याकडे युड्रिलस युजेनी ही आफ्रिकन जात अधिक सोयीची पडेल. गांडूळखत उत्पादकांकडे, तसेच अनेक कृषी विज्ञान केंद्रांत ती मिळते. डोक्याकडचा भाग जांभळट आणि उजेडात चमकणारा, तर शेपटी निमुळती होत गेलेली, ही तिची ओळख. अंगाने ती भरदार असते आणि 25 ते 30 अंश तापमानात झपाट्याने वाढते. देशी पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटसही चालेल. परंतु पावसाळी हवेत ती रात्रीतून पेटी सोडून निघून जाण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि सकाळी दिवाणखान्यात गांडुळे सापडल्यावर घरच्यांची अट आणखी कडक होईल.

पेटी अपारदर्शक घ्यावी, झाकणाला भोके पाडून आतून नायलॉनची जाळी लावावी आणि तळाशी पाणी निथळण्याची सोय ठेवावी. आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जुने शेण निम्मे-निम्मे भरावे. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्यावे. ताजे शेण तापते, म्हणून ते निदान दोन महिने मुरलेले असावे. गोठ्यातून शेण आणताना जनावरांना नुकतेच जंतनाशक दिले आहे का, एवढे अवश्य विचारावे, कारण आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि गांडुळांना तो अपायकारक ठरू शकतो. हा मिश्रणाचा थर मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडावेत, धार लागू नये.

वास गांडुळांना येत नाही, न खाल्लेल्या अन्नाला येतो. दुधी, पपई, केळे यांच्या साली आणि धुतलेला चहाचा चोथा थोडाथोडा पुरावा, आणि आधीचे संपल्याशिवाय नवे घालू नये. लिंबूवर्गीय साली, कांदा, लसूण, मिरची, तसेच मीठ किंवा तेल लागलेले काहीही वर्ज्य समजावे.

सिक्लिड_कोल्हापूर
वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. तथापि फेटिडा उकळत्या पाण्यातून काढून दिल्यास काही मासे ती खातात, हेही नोंदवतो. एवढा खटाटोप रोज कोण करणार, हा भाग वेगळा. बागेतील माती उकरून काढलेली गांडुळे मात्र देऊ नयेत, कारण तेथे कोणते कीटकनाशक फवारले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

खाऊ घालण्याआधी गांडुळे ओल्या, छपाई नसलेल्या कागदावर झाकलेल्या डब्यात एक दिवस ठेवावीत. तेवढ्यात त्यांच्या पोटातील माती आणि शेण बाहेर पडते. अन्यथा तेच टाकीत विरघळून पाणी गढूळ करते. नंतर स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावीत. ऑस्करला अख्खे गांडूळ चालते. एंजलसाठी धारदार पात्याने बारीक तुकडे करून पुन्हा धुवावेत. काही मिनिटांत जे खाल्ले जाणार नाही ते चिमट्याने काढून टाकावे, कारण वाळूत शिरलेले गांडूळ काही काळ जिवंत राहते, पुढे मरते आणि अमोनिया वाढवते. आठवड्यातून दोन-तीनदा दिले तरी पुरे. गोळीखाद्य बंद करू नये.

बाल्कनी_डोंबिवली
दोघांचेही आभार. आता युड्रिलसच आणतो. पेटीतून किती काढावीत, आणि उन्हाळ्याचे काय?

अंगण_नागपूर
उन्हाळ्याबद्दल मी सांगू शकते. आमच्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. पेटीतील तापमान 35 च्या पुढे गेल्यास गांडुळे मरू लागतात, म्हणून मार्च ते जून आपली पश्चिमेची बाल्कनी विसरावी आणि पेटी ओट्याखाली किंवा न्हाणीघराबाहेरच्या सावलीत ठेवावी. वरून भिजवून पिळलेले गोणपाट टाकावे. मुंग्यांसाठी स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्या मारण्याचा खडू किंवा पावडर गांडुळांच्या आसपासही नको.

काढण्याविषयी एकच पथ्य आहे. ज्यांच्या अंगावर जाडसर फिकट पट्टा दिसतो ती प्रजननक्षम असतात, ती शक्यतो राखावीत आणि मधल्या आकाराची माशांना द्यावीत. गांडुळांची अंडी ज्यात असतात ते कोष राईच्या दाण्याहून थोडे मोठे असतात. ते साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात, प्रत्येकातून बहुधा दोन-तीन पिले निघतात आणि ती वयात यायला पुढे सहा-सात आठवडे लागतात. त्यामुळे पहिले तीन महिने पेटीला हात लावू नये. तोवर ऑस्करला गोळीखाद्यावरच समाधान मानावे लागेल.