आई-बाबांसोबत बघता येईल असा 'तसा' सिनेमा सुचवा (बडोदा)

रावपुऱ्याची_मावशी: भाचा 19 वर्षांचा. गे आहे हे त्याने फक्त मला सांगितलंय. रविवारी ताई-भावजी जेवायला येतायत. वयात येणाऱ्या अशा मुलाचा सिनेमा हवा. मराठी किंवा हिंदी, भाडं 150 पर्यंत. ताईला सबटायटल झेपत नाहीत.

फतेहगंजकर: मूनलाइट! 2016 चा, ऑस्करवाला. एकाच मुलाचं लहानपण, शाळा, तरुणपण असे तीन भाग. आम्ही 65 इंचीवर बघितला, काळोख काय दिसतो!

मावशी: इंग्रजी आहे ना पण?

फतेहगंजकर: त्यात फारसं बोलतच नाहीत.

जुना_प्रेक्षक: 'बायोस्कोप' या चार लघुपटांच्या सिनेमातला 'मित्रा' बघा. दिग्दर्शक रवी जाधव, विजय तेंडुलकरांची कथा. अस्सल मराठी.

मावशी: तो मुलींचा आहे हो.

जुना_प्रेक्षक: तेंडुलकर आहेत!!

अलकापुरी_09: कोबाल्ट ब्लू. 2022, नेटफ्लिक्सवर.

ग्रंथकीडा: कुंडलकरांची कादंबरी मराठी, सिनेमा हिंदी-इंग्रजी आणि घर नेऊन ठेवलं कोचीला. पुस्तकच वाचा. शिवाय भाऊ-बहीण दोघं एकाच भाडेकरूच्या प्रेमात. भावजींना घास गिळवेल का?

अलकापुरी_09: आमच्याकडे भाडेकरूने तीन महिन्यांचं भाडं बुडवलं, प्रेम लांबच.

सुरसागर77: साबर बोंडं. मराठीच आहे, 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुलगा दहा दिवस गावी राहतो. आईला त्याच्याबद्दल ठाऊक असतं, तेच बघण्यासारखं.

जुना_प्रेक्षक: नायक तिशीतला आहे. वयात येणं कुठलं?

सुरसागर77: आपल्याकडे तिशीतच येतात.

फतेहगंजकर: मूनलाइट कोणीच सुचवला नाही का?

मांडवीचा_मुलगा: मावशी, भाच्याला विचारलंत? माझ्या आत्याने प्रेमाने असाच एक सिनेमा लावला होता. मध्यंतरापर्यंत सगळे टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होते. बाबा पाणी प्यायला उठले ते थेट गच्चीवर. मला तेव्हा सांगायचंच नव्हतं.

अलकापुरी_09: तुमच्याकडे गच्ची आहे? कुठल्या पोळात (जुन्या गल्लीत)?

मावशी: विचारलं आत्ता. म्हणाला, "मावशी, आईला बसवू नकोस. मूनलाइट तू एकटी बघ, मग माझ्याशी बोल." शनिवारी रात्री बघतेय, सबटायटलसकट. रविवारी नुसती सेव-उसळ. टीव्ही बंद.

फतेहगंजकर: मी म्हटलंच होतं. पण 32 इंचीवर मजा नाही.