दोघंही नोकरीला, अशात घरी कुत्रं आणावं का?

टॉवेल_अकौंटंट
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो, रो हाऊस आहे, मागं छोटं अंगण आणि वर गच्ची. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाऊंट्स बघतो, सकाळी साडेआठला निघालो की यायला सात वाजतात, आत्ता मार्च एंडला तर विचारूच नका. बायको बँकेत, ती पण सहा-साडेसहाशिवाय येत नाही. पोरगी सहावीत, दीडला शाळेतून येते, मग क्लास. एका मित्राच्या लॅबला (लॅब्रेडॉर कुत्रीला) पिल्लं झालीत, एक फुकट देतोय, दीड महिन्याचं आहे आणि पोरगी दिवाळीपासून मागं लागलीय. आई घरी असते त्यामुळे कुत्रं अगदीच एकटं पडणार नाही. माझं मत आणावं. बायकोचं मत, "आधी स्वतःचे कपडे दोरीवरून काढ, मग कुत्र्याचं बोल." ज्यांनी नोकरी करून पाळलंय त्यांनी सांगा.

स्पष्ट_बोलतो
नको.
सविस्तर पाहिजे असेल तर वाचा पुढं. दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन-तीन तासाला मुततं, हे फुकट देणारा कधी सांगत नाही. तुम्ही दिवसाचे दहा तास बाहेर, म्हणजे चार-पाच वेळा कुणीतरी त्याला उचलून अंगणात न्यायचं, नाही नेलं तर फरशी पुसायची. मोठं कुत्रं सहा-आठ तास धरून ठेवतं पण ते नंतर, आधीचे महिने कोण काढणार? आणि आपल्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसाआड, टाकी पुरवून पुरवून वापरतो आपण, त्यात हे रोजचं फरशी धुणं. आणि दीड महिन्याचं पिल्लू आईपासून तोडतंय कोण, निदान आठ आठवडे तरी राहू द्या की तिच्याजवळ. मित्राला सांगा.

काळ्याचा_मालक
असं घाबरवून घाबरवूनच लोकांनी कुत्री पाळायचं सोडलं. मग पाळायची कुणी, बंगलेवाल्यांनीच का? माझ्याकडं काळ्या आहे, गल्लीतलंच बेणं, मी मिलमध्ये शिफ्टला जातो अन् घरात दुसरं कोण पण नाही. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतंच बे, तुमच्यासमोर पण झोपतं अन् तुमच्यामागं पण झोपतं. सकाळी अंधारात उठून कंबर तलावाकडं चालवून आणतो, दारात आला की वाडगाभर पाणी पितो, खातो अन् कॉटखाली आडवा, मी कुलूप लावतो तेव्हा एक डोळा उघडून बघतो बस. तुमचा प्रश्न नोकरीचा नाहीच, पिल्लाचा आहे. पिल्लू आणूच नका. दोन-तीन वर्षांचं देशी आणा, नसबंदी झालेलं, स्वभाव कसा आहे ते आधीच कळतं, अन् आपल्या उन्हात ते पिढ्यान् पिढ्या जगत आलेलं असतं.

होटगी_रोडवरची
एक विचारू का? आईंना विचारलंय का? सगळ्या पोस्टमध्ये त्या एकाच वाक्यात आल्यात, "आई घरी असते". आमच्याकडं हेच झालं. दिरानं हौसेनं आणला, मग त्याला पुण्यात नोकरी लागली, आता तो व्हिडिओ कॉलवर "काय करतोय माझा राजा" म्हणतो आणि इकडं राजाची घाण सासूबाई भरतात, मग मी ऑफिसमधून आले की मी भरते. नोकरीवाल्या माणसाचं कुत्रं म्हणजे घरात राहणाऱ्या बाईच्या गळ्यात पडलेलं काम, आणि त्याला कुणी काम पण म्हणत नाही, "तुम्हाला तेवढीच सोबत" म्हणतात. तुमच्या मिसेसचं दोरीवरच्या कपड्यांचं बोलणं तुम्हाला जोक वाटला, मला नाही वाटला.

टॉवेल_अकौंटंट
ताई, आई कशालाच नाही म्हणत नाही, तो प्रश्नच नाही. बाकी उन्हाचं म्हणाल तर गच्चीवर पत्र्याचं शेड टाकून देणार आहे, मोकळी हवा मिळेल, पाणी ठेवू, दिवसभर तिथं खेळेल.

इंजेक्शन_भाऊ
अहो थांबा थांबा, पत्रा?? मी जनावरांच्या दवाखान्यात हाताखाली काम करतो, डॉक्टर नाही, पण एप्रिल-मेमध्ये रोज जे बघतो ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात दुपारी एक पग रिक्षातून आणलं, पत्र्याखालीच बांधलेलं होतं. जीभ जांभळी पडलेली, लाळ चिकट, दोऱ्यासारखी लोंबत होती, मागचे पाय टाकून दिलेले. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, याचं १०७ च्या वर. मालक सारखं म्हणत होते, "पाणी ठेवलेलं हो, पाणी ठेवलेलं." पाण्याचं भांडं पण पत्र्याखालीच होतं ना, चहा करण्यासारखं झालं असणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते गार होतं, अन् भोवतीची हवाच भट्टीसारखी असेल तर धापा टाकून उपयोग काय. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना तर अजून अवघड. तुमचं लॅब चपट्या नाकाचं नाही पण त्याला दुहेरी केस असतात, लवकर जाड होतं, आणि आपल्याकडं पारा ४२-४४ ला जातो. कुत्रं घरात राहणार असेल, पंख्याखाली फरशीवर, तरच आणा. अन् असं झालंच कधी तर साधं पाणी पोटावर, पायावर मारत राहायचं, पंखा लावायचा, लगेच डॉक्टरकडं न्यायचं. बर्फात बसवू नका.

आणि फुकट पिल्लू फुकट नसतं. सहा-आठ आठवड्याला पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, ती पुढं बूस्टर अन् दरवर्षी, जंताचं औषध वेगळं. हे डोस चुकवले की पार्वो नावाचा रोग. उलट्या, रक्ताची हगवण, दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. तेव्हा दिवसभर सलाईन धरून कुणीतरी बसायला लागतं, मार्च एंडला तुम्हाला सुट्टी देतील का?

स्पष्ट_बोलतो
बघा. आणि बांधून ठेवण्याबद्दल, १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात आखूड साखळीनं तासन् तास बांधणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयात सोलापुरात गाडी पार्क करून चहा पण होत नाही दोघांचा, म्हणून तर गच्च्या-गच्च्यांवर कुत्री बांधलेली दिसतात.

पुण्यात_सोलापुरी
तुम्ही लोक फारच करताय यार. इथं माझ्या सोसायटीत निम्मे आयटीवाले, निम्म्यांकडे कुत्री, दोघं-दोघं नोकरीला. डे-केअरला सोडतात, दुपारी फिरवायला माणूस येतो. आपण पोरांना पाळणाघरात ठेवतोच की, तेव्हा कुणी म्हणतं का की नोकरी करता तर पोरं कशाला काढली? आणि पोरीला जबाबदारी कळेल, मोबाईल सुटेल, ते पण बघा. सोसायटीवाले आडवे आले तर भारतीय जीव जंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत, पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही.

स्पष्ट_बोलतो
रो हाऊसला कसली सोसायटी भाऊ. अन् पोरगं पाळणाघरातून आलं की "आज मला ताप होता" असं सांगतं, पुढं शाळेत जातं, स्वतःचं स्वतः करायला लागतं. कुत्रं दहा-बारा वर्षं तिथंच, रोज दोन वेळा दार उघडून द्यायला माणूस पाहिजेच. जुळे सोलापुरात दुपारी कुत्रं फिरवायला येणारा माणूस दाखवा, मी पैसे देतो. इथं भांड्याला बाई मिळंना. बाकी सहावीतल्या पोरीची जबाबदारी किती दिवस टिकते ते ज्यांच्या घरी न वाजवलेला कीबोर्ड आहे त्यांना विचारा.

होटगी_रोडवरची
आणि गावाला जाताना काय? लग्नसराईत चार दिवस कुलूप लावून जातो आपण. रेल्वेत फर्स्ट एसीचं पूर्ण कूपे घेतलं तर कुत्रं बरोबर, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसला खुर्च्यांचे डबे, तिथं तर पेटीच. दीर "पुण्याला घेऊन जातो" म्हणाला होता, ते इथंच अडलं.

मुधोळवाला
लॅब-बिब सोडा ओ, घ्यायचंच तर आपलं कारवान, म्हणजे मुधोळ हाऊंड घ्या. मुधोळ काय लांब आहे, बागलकोट जिल्ह्यात. आर्मीनं घेतलीत ती कुत्री.

काळ्याचा_मालक
आर्मीकडं पळवायला मैदान आहे बे. ते शिकारीचं कुत्रं, वाऱ्यासारखं पळणारं, त्याला दहा तास रो हाऊसमध्ये कोंडणार का? सोफ्यातला कापूस गच्चीवर वाळत घालायला लागेल.

निवृत्त_बाई
सगळं वाचलं. मी शाळेतून निवृत्त झाले, मुलगा-सून दोघं नोकरीला, मी घरी. होटगी रोडच्या ताईंचं पटलं, आणि नाही पण पटलं. घरातली म्हातारी म्हणजे बिचारीच, तिच्या गळ्यात सगळे सगळं टाकतात, असंच का धरता? आमची लाली मीच मागून घेतली. दुपारी एक ते चार या घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय आवाज नसायचा, आता ती घोरते. तिच्यामुळं माझं सकाळचं चालणं चुकत नाही, डॉक्टर सांगून थकले होते. फरक एवढाच की मला विचारलं होतं, आणि घाण काढणं, धुणं, न्हाऊ घालणं हे सून-मुलाकडं आहे, मी फक्त दुपार बघते. तसं ठरवून घ्या.

जाता जाता, आजी लोकांची एक सवय मोडायला लागते, जे आपण खातो ते त्याला घालायची. ज्वारीची भाकरी चालते, पण नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रं ठेवू नका, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. अंडं, चिकन काहीतरी पाहिजे. आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो, लसूण-कांदा वाईट. आणि द्राक्षं, बेदाणे अजिबात नाही, किडनीवर जातं. आपल्याकडं सीझनला घरात पेटी येऊन पडलेली असते, खाली सांडतात, म्हणून सांगितलं.

होटगी_रोडवरची
बाई, तुम्हाला विचारलं होतं ना, मग माझं आणि तुमचं एकच आहे. "कशालाच नाही म्हणत नाही" म्हणजे "हो" नसतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

इंजेक्शन_भाऊ
अजून एक राहिलं, आवाज. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी होम मैदानावरचं दारूकाम, दिवाळी, अन् मधी मधी मिरवणुका, आपल्या गावात डीजेला महिना लागत नाही. पिल्लू तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत ज्या आवाजाची, माणसांची सवय करून घेतं ते त्याला पुढं जमतं, त्या काळात दिवसभर एकटं ठेवलं की मग मोठेपणी डीजे वाजला की बाथरूममध्ये घुसून थरथरतं, दार कुरतडतं. असली कुत्री घेऊन लोक येतात अन् झोपेचं इंजेक्शन द्या म्हणतात. दीड महिन्याचं आणून सकाळी साडेआठला निघून जाणार असाल तर तुम्ही नेमका तोच काळ घालवताय.

पुण्यात_सोलापुरी
मग सुट्टी काढून आणा मे महिन्यात, पोरीला पण सुट्टी असते. जमवायचं म्हटलं की जमतं.

इंजेक्शन_भाऊ
मे महिन्यात??

टॉवेल_अकौंटंट
काल रात्री आईला विचारलं. आधी "तुमचं तुम्ही बघा" म्हणाली, नेहमीसारखं. बायकोनं मला डोळ्यानं खुणावलं की गप्प बस, तिला बोलू दे. मग आई पोळ्या करता करता म्हणाली, "तुझी पोरगी मी वाढवली. तुझ्या वडलांचं शेवटचं सगळं अंथरुणातलं मी काढलं. आता परत कुणाचं शी-शू नको मला, गुडघा वाकत नाही. मोठं, शहाणं कुत्रं असलं तर बसू दे दारात, भाकरी देईन, दुपारी दार उघडीन. पट्टा धरून मी जाणार नाही, अन् मला वर गच्चीवर चढवू नका."
खरं सांगायचं तर तिनं असं सरळ नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. लॅब नको म्हणून मित्राला फोन केला, आठ आठवड्यांचं पण सांगितलं, त्याला ते माहीतच नव्हतं. पोरगी रुसलीय. मोठं देशी घ्यायचं का यावर बायको म्हणते सकाळी कोण उठणार ते कागदावर लिहून सही कर, मग बघू.

स्पष्ट_बोलतो
माझं अजून पण नकोच. आईंनी दुपारचं दार घेतलं, ठीक आहे. सकाळ अन् रात्र तुमच्या दोघांची, ऑडिट असो की लग्न. ते आधी कुत्र्याशिवाय करून बघा, रोज पहाटे उठून नुसतं चालून या. फुकट आहे अन् त्याला लस पण लागत नाही.

काळ्याचा_मालक
ह्याचं हे बरोबर आहे, पहिल्यांदाच. आमच्या गल्लीत एक तांबडी आहे, अडीच-तीन वर्षांची, कानाला खाच आहे म्हणजे नसबंदी झालीय, लेकरं अंगावर लोळतात तरी काय करत नाही. लगेच नेऊ नका. पोरीला घेऊन रविवारी सकाळी सहाला तलावावर या, मी काळ्याला अन् तिला दोघांना आणतो, पोरीच्या हातात पट्टा देऊन बघू. जमलं तर आठवडाभर रोज या, मग घरी न्यायचं बघू.

टॉवेल_अकौंटंट
चालेल, नक्की येतो. सहाऐवजी सातला जमेल का? रविवार आहे ना, एकच दिवस झोपायला मिळतं.

होटगी_रोडवरची
वहिनी, सही घेतली का हो?

काळ्याचा_मालक
सातला मी शिफ्टला असतो बे. सहा.