न भाजता केलेले ओट्स-चॉकलेटचे गोळे: पौष्टिक की नुसतं मनाचं समाधान?

रानजाई:
गेले चार महिने आमच्या घरी विकतचं चॉकलेट आलेलं नाही. दर रविवारी मी १८० ग्रॅम ओट्स मिक्सरवर भरड काढते. त्यात भिजवून वाटलेला १२० ग्रॅम खजूर, चार चमचे न भाजलेल्या कोकोची पूड, दोन चमचे नारळाचं तेल, थोडा मध आणि चिमूटभर मीठ. वीस गोळे होतात. फ्रीजमधून काढल्या काढल्या टणक असतात, पण दोन मिनिटांत बोटांना कोको लागायला लागतो. मुलांना गोड द्यायचंच तर हेच द्यावं, असं माझं ठाम मत आहे. साखर नाही, ओट्समुळे कोलेस्टेरॉल कमी होतं आणि कच्च्या कोकोतलं सगळं सत्त्व शाबूत राहतं. कोणाला पटत नसेल तर जरूर सांगा.

मोजमाप:
ताई, घरी करून घालता हे उत्तमच. पण ‘साखर नाही’ हे मान्य नाही. खजुराच्या वजनात जवळपास दोन तृतीयांश साखरच असते. मधात तर ८० टक्क्यांच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना मध साखरेसारखाच मोजते.

‘कच्चा’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. कोकोच्या बिया काढल्यावर काही दिवस ढीग लावून आंबवतात. ढिगाच्या आत ४५-५० अंशांपर्यंत ऊब चढते, आणि ती चढली नाही तर पुढे चॉकलेटची चवच येत नाही. नंतर बिया बहुधा उघड्यावर वाळतात. त्यावर साल्मोनेला हा पोटाला बाधणारा जंतू असू शकतो. भाजताना तो मरतो, न भाजलेल्या पुडीत ती खात्री उरत नाही. लहान मुलांसाठी मी तरी हा धोका पत्करणार नाही. आणि ओट्स? ते चपटे करण्याआधी वाफवलेलेच असतात, नाहीतर दाण्यातल्या स्निग्धांशामुळे लवकर खवट होतात. म्हणजे तुमच्या गोळ्यात खरं कच्चं फारसं काही नाहीच.

सायसाखर:
भाजल्यावर कोकोतले फ्लॅव्हनॉल, म्हणजे ज्यासाठी कोको गुणकारी म्हणतात ती द्रव्यं, कमी होतात, हे तरी खरं ना?

मोजमाप:
हो, होतात. पण डच पद्धतीच्या, म्हणजे अल्कली लावून गडद केलेल्या पुडीत ते फारच घटतात. पाकीट घेताना ते आधी बघा.

आजीचा बटवा:
मला रानजाईंचं पटतं. तुलना कशाशी करायची? दुधाच्या चॉकलेटमध्ये निम्म्याच्या आसपास साखर असते आणि तंतू नावालाच. इथे खजुराचे तंतू आहेत, ओट्सचे आहेत. ओट्समधलं बीटा-ग्लुकन, म्हणजे त्यातला विरघळणारा तंतू, पोटात बुळबुळीत होतं आणि पित्ताम्ल धरून बाहेर नेतं. ती भरून काढायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये हा दावा पाकिटावर छापायला परवानगी दिली, ती उगाच नाही.

मोजमाप:
आजी, तो दावा रोजच्या ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनचा आहे. त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम ओट्स लागतात. एका गोळ्यात ९ ग्रॅम. म्हणजे रोज आठ गोळे, आणि त्याबरोबर नुसत्या खजुराचीच तीसेक ग्रॅम साखर! शिवाय नारळाच्या तेलातला बहुतेक भाग संपृक्त चरबीचा, तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. ओट्सचा गुण हवा असेल तर सकाळी वाटीभर शिजवून खा. गोळा हा खाऊ आहे, तो खाऊ म्हणूनच खा.

गव्हाळ:
एक कळकळीची विनंती. घरी सीलिॲक असलेलं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन ज्यांच्या आतड्याला सोसत नाही असं कोणी येणार असेल तर साधे ओट्स वापरू नका. शेतात आणि गिरणीत त्यात गहू मिसळतो. मी असे गोळे खाऊन दोन दिवस आडवी होते. ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेलेच घ्या. काहींना तेही सोसत नाहीत, म्हणून आधी विचारा.

रानजाई:
आठ गोळ्यांचा हिशेब मी केलाच नव्हता. मुलांना दोनच देते, म्हणजे कोलेस्टेरॉलचं म्हणणं मागे घेते. या रविवारी कोको भाजलेला घेतला, मध काढून टाकला आणि तेलाऐवजी कोकोचं लोणी घातलं. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे बोटं कमी माखतात आणि जिभेवर मात्र लगेच विरघळतं. खजूर काढणार नाही. आजी म्हणतात तसं, माझी तुलना विकतच्या चॉकलेटशी आहे, आणि तिथे माझा गोळा मला अजूनही उजवाच वाटतो.

मोजमाप:
त्यावर माझी हरकत नाही. खजूर १०० ग्रॅमवर आणून बघाल का? कोको भाजलेला असला की चव भरून निघते.