ऑनलाइन लिलाव : 24 नग म्हणजे 24 जोड्या की 48 वस्तू?

मानेवाडा_अभ्यासिका
मानेवाड्यात माझी छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससीची पोरं बसतात. पुण्याच्या एका बंद पडलेल्या कोचिंग क्लासचं सामान एका लिलावाच्या साइटवर निघालं होतं. पानावर लिहिलेलं : "स्टडी डेस्क व खुर्ची, 24 नग, बोली प्रति नग." फोटोत प्रत्येक डेस्कला खुर्ची लावलेली. 900 ला माझी बोली सुटली. माझा हिशोब 21,600 आणि वर कमिशन, जीएसटी.

बिल आलं 43,200 चं, कर-कमिशन वेगळं! म्हणे डेस्क 24, खुर्च्या 24, नग 48. मेल केला तर उत्तर आलं, "अटी वाचल्या नव्हत्या का?" अटी तीनदा वाचल्या. त्यात ने-आण कोणाची हे आहे, 48 हा आकडा कुठेच नाही. आता पैसे भरले नाहीत तर 5,000 ची अनामत जप्त करू म्हणतात. भरू की सोडू?

कामठी_रोड_फर्निचर
ताई, एक पैसा भरू नका. जुन्या खुर्चीले 900 कोण देऊन राहिलं बाप्पा? आमच्याकडं डेस्कचा भाव वेगळा, खुर्चीचा वेगळा. दोन्हीले एकच भाव म्हणजे जोडीच विकायला काढली होती, हे शेंबडं पोरगं सांगेल. त्या पानाचा फोटो काढून ठेवा, आजच. हे लोक रातोरात मजकूर बदलतात.

सिव्हिल_लाइन्स_कोर्टकचेरी
भारतीय करार कायदा, 1872, कलम 13 : दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच ती संमती. कलम 29 : ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही, तो रद्दबातल. शिवाय मजकूर दोन्हीकडे वळत असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचण्याकडे कोर्टाचा कल असतो.

लेखी हरकत घ्या : "24 जोड्या या दराने उचलायला तयार आहे, नाहीतर अनामत परत करा." तयारी दाखवणं महत्त्वाचं, म्हणजे तुम्ही पळ काढला असं त्यांना म्हणता येणार नाही. दाद लागली नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे.

महालचा_शंकेखोर
पण हा व्यवसाय ना? व्यापारी कामासाठी घेणारा ग्राहक ठरत नाही.

सिव्हिल_लाइन्स_कोर्टकचेरी
बरोबर शंका. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपवाद आहे : फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलं असेल तर ग्राहकच. ताई, अभ्यासिका स्वतः चालवता की माणसं ठेवली आहेत? तक्रार नागपुरातच करता येते, पुण्याला खेटे नकोत. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही.

मानेवाडा_अभ्यासिका
स्वतःच चालवते, झाडूसकट. पानाचे फोटो लिलावाच्या दिवशीच काढले होते (नवऱ्याने तेव्हा टिंगल केली होती). आताच 24 जोड्यांचा मेल पाठवला, अनामतीची पावती जोडून. आणखी एक सापडलं : त्याच विक्रेत्याने व्हाइटबोर्ड आणि स्टँड दुसऱ्या लॉटमध्ये "6 नग" म्हणून टाकलेत, आणि खाली बारीक अक्षरात "बोर्ड व स्टँड मिळून एक नग". तेही मेलमध्ये जोडलं.

कामठी_रोड_फर्निचर
मग झालं ना! जोड्या मिळाल्या तर ट्रक ठरवायच्या आधी विचारा मले. पुण्याहून रिकामी परत येणारी गाडी पाहून देतो, भाडं कमी पडते.