रोहिंग्यांना नुसतं रेशन पुरवत राहायचं, की काम करू द्यायचं?

सह्यकडा

मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वर्ल्ड फूड प्रोग्रॅमनं जाहीर केलं होतं की म्यानमारमधून पळून बांगलादेशात आलेल्या रोहिंग्यांचं रेशन माणशी महिना साडेबारा डॉलरवरून थेट ६ डॉलरवर येणार. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेश तिथे गेले, निर्वासितांबरोबर इफ्तारला बसले, कुठून कुठून पैसे जमले आणि आकडा १२ डॉलरवर थांबला. म्हणजे दिवसाला साधारण ३५ रुपये. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण २०२३ मध्ये हाच आकडा १२ वरून १० आणि १० वरून ८ वर आला होता, त्याचं काय?

माझं म्हणणं असं की गोची रकमेत नाही, मदतीच्या पद्धतीत आहे. कॉक्स बाजार जिल्ह्यात उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत ३३ छावण्या आहेत, त्यांत दहा लाखांवर माणसं. त्यातले सात लाखांहून जास्त ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत जीव वाचवून आलेले. त्यांना नोकरी करायची परवानगी नाही, छावणीबाहेर मोकळेपणी फिरता येत नाही, भोवती काटेरी तारा. घर बांबूचं आणि ताडपत्रीचंच हवं, कारण पक्कं बांधलं तर हे लोक कायमचे राहतील अशी ढाक्याला भीती. मग दर पावसाळ्यात झोपड्या कोसळतात, दर वर्षी पुन्हा बांबू, पुन्हा ताडपत्री. देणगीदारांचे पैसे त्याच त्या झोपड्यांत मुरतात. २२ मार्च २०२१ च्या आगीत किमान १५ माणसं गेली आणि ४५ हजारांच्या आसपास बेघर झाली, तीही याच सामानामुळे.

युगांडाही गरीबच देश आहे. तिथे २००६ च्या कायद्यानं निर्वासितांना काम करता येतं, फिरता येतं, कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. ढाक्याला हे का जमू नये?

अण्णा_वाईकर

कारण ढाक्याकडे तुकडाच नाही! महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान देश, त्यात १७ कोटी माणसं. उखिया-टेकनाफात आज स्थानिक कमी आणि निर्वासित जास्त आहेत. सरपणासाठी टेकड्या बोडक्या झाल्या. कुटुपालाँगची छावणी हत्तींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर वसली, सुरुवातीच्या महिन्यांत हत्तींनी झोपड्यांत शिरून माणसं तुडवली. बंदी असली तरी लोक पोटासाठी चोरून मजुरीला जातातच, त्यामुळे तिथल्या स्थानिक मजुराची मजुरी पडली. तो मजूर काही लखपती नव्हता.

आणि युगांडाचं अर्धंच सांगितलंत. २०१८ मध्ये तिथे बोटांचे ठसे घेऊन मोजणी केली तेव्हा कागदावरच्या १४ लाख निर्वासितांपैकी अडीच-तीन लाख सापडलेच नाहीत. रेशन कुणी खाल्लं? शिवाय २०२५ मध्ये पैसे आटल्यावर तिथेही लाखो निर्वासितांचं रेशन बंद झालं. जमीन देऊनही शेवटी ताट संयुक्त राष्ट्रांकडेच धरावं लागलं.

रानपाखरू

अण्णांना +१. म्यानमारनं १९८२ च्या कायद्यानं यांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं, २०१७ मध्ये लष्करानं गावं जाळली आणि आपण जाब विचारतोय बांगलादेशला. छान आहे.

तिखटमीठ

मदत-संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी काही वर्षं गेलीत, म्हणून दोन गोष्टी.

रेशन म्हणजे ट्रकमधून फेकलेली पोती नव्हेत. कुटुंबाच्या कार्डावर महिन्याची रक्कम जमा होते आणि ठरलेल्या दुकानातून तांदूळ, डाळ, तेल, अंडी, मिरच्या घेता येतात. रक्कम ८ डॉलरवर आली की आधी अंडी जातात, मग डाळ. २०२३ च्या अखेरीला छावण्यांतल्या मुलांचं कुपोषण १५ टक्क्यांची आणीबाणीची रेषा ओलांडून गेलं ते यामुळेच. 'पद्धत बदला' म्हणताना सह्यकडा रक्कम दुय्यम ठरवतात, ते मला पटत नाही. पद्धत बदलायला दहा वर्षं लागतील, मूल तेवढं थांबत नाही.

दुसरं अण्णांना. बोडक्या टेकड्यांचं खरं, पण ते पहिल्या दोन वर्षांचं. नंतर घरोघर गॅस सिलिंडर दिले, सरपणाची तोड खूपच घटली, झाडंही लावली. हे सिलिंडर मदतीच्याच पैशांतून येतात. ते बंद झाले की पुन्हा कोयता. आणि मदत फक्त निर्वासितांना मिळते हाही गैरसमज आहे. २०२५ साठी ९३ कोटी डॉलरहून जास्त मागितले होते, त्यात आसपासच्या स्थानिकांचाही वाटा धरला होता. जून २०२५ मध्ये पैशांअभावी युनिसेफनं छावण्यांतले लहान मुलांचे वर्ग थांबवले, तेव्हा नोकरी कुणाची गेली? उखियातल्या हजाराहून जास्त स्थानिक शिक्षकांची. ते रस्त्यावर उतरले. निर्वासितांना उतरता येत नाही.

हिशोबनीस

आपल्याकडच्या टँकरवर जगणाऱ्या गावांना आधी द्या, मग जगाची चिंता.

तिखटमीठ

हिशोबनीस, हा पैसा अमेरिका, युरोप, जपानचा आहे. २०२४ मध्ये निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेचा होता. तो तिथे कमी झाला म्हणून माणदेशात येणार नाही.

गोदाकाठ

१९७१ कुणी कसं काढलं नाही? तेव्हा गरीब यजमान आपण होतो. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली, कलकत्त्याच्या सॉल्ट लेकवर तर लोक सांडपाण्याच्या पाइपांत राहत होते. १५ नोव्हेंबरपासून पत्रांना 'शरणार्थी सहायता'चं ५ पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. आमच्या नाशिकच्या प्रेसमध्ये छापलेली ती तिकिटं जुन्या पाकिटांवर अजून दिसतात. बाहेरची मदत आली, पण बराचसा भार इथल्या तिजोरीनंच उचलला.

आणि सह्यकडा, इंदिरा गांधींच्या सरकारनंही त्यांना इथे स्थायिक होऊ देणार नाही असंच सांगितलं होतं. 'परत जायचंच आहे' हे सुरुवातीपासून ठरलेलं. १९७२ च्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक सगळे गेलेही. मग ढाक्यानं तेच म्हटलं तर ते निर्दय कसे?

सह्यकडा

गोदाकाठ, ते परत गेले कारण तिथे त्यांचा देश उभा राहिला. इथे कुठे परत पाठवणार? नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाठवणीची सगळी तयारी झाली होती, बसमध्ये कुणी चढलं नाही. आता राखाइनचा, म्हणजे म्यानमारमधल्या त्यांच्या मूळ प्रांताचा, बराचसा भाग आराकान आर्मी या बंडखोर फौजेच्या ताब्यात आहे आणि २०२४ पासून आणखी लाख-दीड लाख लोक पळून आलेत. म्हणजे वाट उलटीच वाहतेय.

'परत जावेत म्हणून आवळून ठेवा' हा प्रयोगही झालेला आहे. १९७८ मध्ये दोन लाख रोहिंग्या आले, रेशन हात आखडून वाटलं गेलं आणि वर्षभरात दहा हजारांहून जास्त लोक छावण्यांत मेले, त्यात मुलं सर्वाधिक. उरलेले परत गेले. १९९१-९२ मध्ये पुन्हा अडीच लाख आलेच! ढाक्याला दुष्ट ठरवायचं नाहीये मला. पण २०१७ मध्ये कडेवर आलेलं मूल आता शाळेच्या वयाचं आहे आणि अजून 'तात्पुरतं' आहे.

अण्णा_वाईकर

बरं, ढाक्यानं पक्कं बांधूनही दाखवलं की. बंगालच्या उपसागरातल्या भासानचर बेटावर स्वतःच्या तिजोरीतून एक लाख लोकांसाठी विटा-सिमेंटची घरं, चक्रीवादळाचे निवारे, बांध. जगानं आधी नाकं मुरडली. वर जागतिक बँकेचं बघा. २०१८ मध्ये रोहिंग्यांसाठी ४८ कोटी डॉलरपर्यंतचं अनुदान कबूल केलं होतं, २०२४ मध्ये ७० कोटी मंजूर झाले त्यातला काही भाग चक्क कर्ज. म्यानमारनं हाकललेल्या माणसांसाठी बांगलादेशी करदात्यानं हप्ते भरायचे? श्रीमंत देशांनी आधी ते कर्ज माफ करावं, स्वतःकडे थोडी माणसं न्यावीत, मग कामाच्या परवान्यावर प्रवचन द्यावं.

रानपाखरू

कर्जाचं माहीत नव्हतं. हे भलतंच आहे.

तिखटमीठ

कर्जाबद्दल अण्णांशी शंभर टक्के सहमत. भासानचरबद्दल नाही. लाखाची सोय, गेले ३५ हजारांच्या आसपास. तिथे घर पक्कं आहे, २०२५ मध्ये रेशनही कॉक्स बाजारपेक्षा एक डॉलर जास्त होतं. तरी लोक रात्री मच्छीमारांना पैसे देऊन होडीतून पळतात, काही बुडून मेलेही. पळून जातात कुठे, तर बरेचसे पुन्हा त्याच बांबूच्या झोपड्यांत, कारण नातेवाईक तिथे आहेत आणि चोरून का होईना, मजुरी तिथे मिळते.