सौंदत्तीचं लॉज: माघ पुनवेचं बुकिंग थांबवा

प्रेषक: शहापूरची थोरली वहिनी

नमस्कार मंडळी,
माघ पुनवेला यल्लम्माच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या गाडीसाठी पुन्हा सौंदत्तीच्या त्याच लॉजचं ठरतंय असं कळलं. हात जोडून सांगते, करू नका.

मार्गशीर्षात परदेशातून आलो तेव्हा आम्ही तिथंच उतरलो होतो. फोनवर सगळ्याला 'होय होय' म्हणाले, पैसे आगाऊ घेतले. रात्री पोचलो तर काउंटरवरचा मुलगा पासपोर्ट बघून म्हणतो, फॉरेनवाल्यांना खोली नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) दाखवलं तरी ऐकेना. सासूबाई तोवर पायरीवर बसून. शेवटी बेळगावच्या दिरांच्या आधारवर खोल्या दिल्या, रजिस्टरात आमची नावंच नाहीत. उशीच्या अभ्र्यावर आधी निजलेल्याच्या कपाळाचा भंडारा तसाच, पिवळाधमक. पहाटे जोगुळभावीच्या कुंडावर आंघोळीला निघायचं, तर गरम पाणी सहानंतर. 'मागं चूल मांडायला जागा आहे' म्हणाले होते, तिथं मोटारसायकली लावलेल्या. ना पुरण शिजलं ना कटाची आमटी. सासूबाईंनी परडी भरली ती विकतच्या पोळ्यांनी. या वयात त्यांचं परत येणं होईल न होईल. ते मला फार लागलंय.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, वाचून वाईट वाटलं. पण विसार कालच गेलाय. पुनवेच्या तोंडावर सौंदत्तीत खोली मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाणगापूरला ऐनवेळी जागा बदलली तेव्हा बोलणी मीच खाल्ली होती. जागेचं काम माझ्याकडे आहे तर आधी मला फोन करायचा होता. बिलावर जीएसटी किती लावला ते बघून कळवा.

प्रेषक: निपाणीचे काका

लॉज हवंच कशाला? डोंगरावर देवस्थानच्या धर्मशाळा आहेत की. आम्ही लहान असताना बैलगाडीतून जायचो. झाडाखाली तीन दगड मांडले की चूल झाली. पुरण वाटायला आई पाटा घरून न्यायची, तो गाडीत मधोमध पोत्यात गुंडाळलेला असायचा. 'उदं गं आई उदं' म्हणत सगळा डोंगर जागा. कोल्हापूरची माणसं तर परत गेल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील करतात, ती यात्राही एकदा बघा. आणि खोलीच हवी तर धारवाडला उतरा. जेमतेम ४० किलोमीटर.

प्रेषक: शहापूरची थोरली वहिनी

काका, धारवाडहून पहाटेची आंघोळ साधायची तर रात्री दोनला निघावं लागेल, पुनवेला रस्ता तुंबलेला असतो. गुडघे दुखणारी माणसं बरोबर आहेत. आणि धारवाडच्या हॉटेलात चूल कोण मांडू देईल?
खजिनदारसाहेब, बिलावर १२ टक्के आहे.

प्रेषक: सचिव

आंबिलीवर नंतर बोलू. खरी अडचण पासपोर्टची आहे. परदेशी पासपोर्टवाला उतरला की त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरणं लॉजमालकावर बंधनकारक आहे, आपण त्याला अजून सी फॉर्म म्हणतो. त्यासाठी लॉजची नोंदणी लागते. लहान लॉजवाले ती करत नाहीत आणि पाहुण्यालाच परत पाठवतात. दुसऱ्याच्या आधारवर राहणं मला पटत नाही, उद्या काही घडलं तर आपण तिथं होतो याचा कागद नाही. पैसे भरण्याआधी लेखी विचारायचं: परदेशी पासपोर्ट घेता का? व्हॉट्सॲपवर 'हो' आलं तरी चालेल.

प्रेषक: खजिनदार

ते मी विचारलं नव्हतं असं कुणी समजू नये, फोनवर विचारलं होतं. असो. रोज ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, १२ हा जुना दर. वहिनी, बिलाचा फोटो पाठवा. वरचे पैसे मागू, नाही दिले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार. विसारही परत मागतो.

प्रेषक: टिळकवाडीचा (आता कायमचा इकडे)

मी इथं बेळगावातच आहे, जाऊन बघून येतो. पण पुनवच धरायची का? देवीचे वार मंगळवार-शुक्रवार. पुनव सरल्यावरचा शुक्रवार धरला तर गर्दी ओसरलेली असते, खोली बघून घेता येते. आदल्या रात्री सगळे आमच्याकडे उतरा, पुरण आमच्या स्वयंपाकघरात शिजवू, पहाटे गाडीत घालून नेऊ.

प्रेषक: शहापूरची थोरली वहिनी

भावजी, शुक्रवार चालेल, सासूबाईंना विचारलं. पण पुरण घरून नेलेलं त्यांना नको, नैवेद्य डोंगरावरच शिजायला हवा म्हणतात. धर्मशाळेत चुलीची परवानगी आहे का तेवढं विचारून या. आत्याबाईंना खाली बसवत नाही, एक खुर्चीही बघा.

प्रेषक: निपाणीचे काका

पाटा आमच्याकडे आहे. निपाणीहून गाडी जाणार असेल तर घेऊन जा.