दुःख माणसाला देवाजवळ नेतं, की दुःखात धरून ठेवलेला देव?

एलिशेबा:
ख्रिस्ती मंडळीत कुणी आजारी पडलं किंवा कुणाचं माणूस गेलं, की पवित्र शास्त्रातलं रोमकरांस पत्र ५:३-४ ठरल्यासारखं सांगितलं जातं: संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. ही साखळी आपोआप चालते, हेच मला पटत नाही. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल ५:१ मध्ये देवाशी झालेल्या समेटापासून सुरुवात करतो आणि ५:५ मध्ये पवित्र आत्म्याद्वारे अंतःकरणात ओतलेल्या प्रीतीपाशी येतो. मधल्याच दोन ओळी उचलल्या की उरतं ते ‘सोस, म्हणजे सुधारशील’. त्याच दुःखातून कडवटपणाही येतो. इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायात देव लावत असलेल्या शिस्तीचा भाग संपतो न संपतो तोच १५व्या वचनात कडूपणाच्या मुळाबद्दल इशारा आहे, तो उगाच नाही.

तिमथी:
असहमत. इब्री ५:८ वाचा. पुत्र असूनही ख्रिस्त आज्ञापालन शिकला ते सोसण्यातून. पौल ज्या कायमच्या त्रासाला ‘शरीरातला काटा’ म्हणतो, त्याचंही तेच. तो फुगून जाऊ नये म्हणून काटा दिला, असं २ करिंथ १२:७ मध्ये स्पष्ट आहे, म्हणजे काम काट्याचंच. आणि जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात ८:१२-१४ काय सांगतं? पोट भरलं, घरं बांधली, गुरंढोरं वाढली, की मन उन्मत्त होतं आणि देवाचा विसर पडतो. सुखात प्रार्थना पातळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एलिशेबा:
त्याच वचनात काट्याला ‘सैतानाचा दूत’ म्हटलंय, ते का गाळता? पौलाला पुरली ती कृपा, काटा नव्हे. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि त्याबद्दल त्याला कुणी दटावलं नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेतही प्रभू येशूने तीनदा तीच प्रार्थना केली. ‘हे टळू दे’ म्हणणं हा अविश्वास नाही.

रूथ:
वाद वचनांचा चाललाय, पण गाडी अडते ती प्रत्यक्षात. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. चौथ्या अध्यायापासून ते कारणं सांगू लागले, आणि ४२:७ मध्ये देवाचा राग त्यांच्यावर आहे, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.

दुःखातल्या माणसासोबत प्रार्थना करायची तर स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिथे थांबा. त्या माणसाला स्वतःची तक्रार एका वाक्यात मांडू द्या, देवाबद्दल नव्हे, थेट देवाला: ‘तू का ऐकत नाहीस?’ वचन ३-४ वर नेमकं मागणं मागू द्या: झोप, वेदना कमी होणं, एखाद्या निर्णयासाठी बळ. पाचव्या वचनात भरवसा येतो, पण तोंडातून निघत नसेल तर त्या दिवशी तिथेच आमेन म्हणा. बिघडतं ते इथेच. पाळक पहिल्याच भेटीत पाचव्या वचनावर उडी मारतात, माणूस मान डोलावतो आणि पुढे प्रार्थनेला बसेनासा होतो. स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

तिमथी:
विलापाला माझा विरोध नाही, तिथेच मुक्काम करण्याला आहे. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा नियम आहे: मन कोरडं पडलं असताना आधी केलेले निश्चय बदलू नयेत. प्रार्थनेची वेळ कमी न करता, जमल्यास थोडी वाढवावी, असंही तो सांगतो. हे शिकवायला दुःखावाचून दुसरा शिक्षक नाही.

रूथ:
निश्चय न बदलण्याचं शंभर टक्के मान्य. वेळ वाढवण्याचं मात्र माणूस पाहून ठरवा. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याची सुरई, ‘ऊठ, खा’, पुन्हा झोप, पुन्हा तेच. होरेब डोंगरावर देवाचं त्याच्याशी बोलणं त्यानंतर. थकून गेलेल्या माणसाला उपास आणि रात्रजागरण सांगितलं की तो अपराधी भावनेने आणखी खचतो.

दावीद:
एक भेद कुणीच केला नाही. ख्रिस्ताच्या नावासाठी सोसणं वेगळं आणि घरातली मारहाण वेगळी. मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा वधस्तंभ’ म्हणणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. पौल दिमिष्क शहरातून जीव वाचवायला पाटीत (टोपलीत) बसून निसटला. प्रेषितांची कृत्ये २२:२५ मध्ये त्याने रोमी नागरिकत्व पुढे करून फटके टाळले. मत्तय १०:२३ मध्ये प्रभू स्वतः दुसऱ्या गावी पळून जा म्हणतो. पाप न करता दुःख टळत असेल तर आधी ते टाळावं. आजारातही औषध चालू ठेवूनच प्रार्थना करावी. पौल तीमथ्याला पोटाच्या त्रासावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतोच.

तिमथी:
मारहाणीबद्दल पूर्ण सहमत, ते सहन करायला शिकवणारा पाळक चुकतो. पण सगळे उपाय संपल्यावर जे उरतं, त्याचं काय? पोप योहान पौल दुसरे यांनी १९८४ च्या पत्रात कलस्सै १:२४ च्या आधारे तेच मांडलं: हे सोसणं ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून इतरांसाठी अर्पण करता येतं. असाध्य आजारात खाटेवर पडलेल्या माणसाला आपण निरुपयोगी झालो असं वाटतं. त्याला यातून काम मिळतं.

एलिशेबा:
ते अर्पण त्याच्या तोंडून आलं तर मी नतमस्तक आहे. भेटायला आलेल्याने सुचवलं तर नाही. आणि वाढ मोजायचीच तर २ करिंथ १:४ ने मोजा: स्वतःला मिळालेलं सांत्वन तो दुसऱ्याला देऊ लागला का? त्याला वर्षंही लागतात. पहिल्याच महिन्यात साक्ष द्यायला त्याला व्यासपीठावर उभं करू नका.